मास्तरांची खोली

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्या कोणा अनुभवी गृहस्थाने केली, त्याने बांधलेले घर वाढवून पाहिले नसावे. नाहीतर म्हणीत त्याने आणखी दोन शब्द तरी घातले असते. नवे घर बांधणाऱ्यापुढे मोकळी जमीन असते. घर वाढवायला निघालेल्या माणसापुढे भिंती असतात, भिंतींना खुंट्या असतात, आणि प्रत्येक खुंटीवर कोणी ना कोणी काहीतरी अडकवून ठेवलेले असते.

आमचे घर रत्नागिरीच्या उत्तरेला, आरे-वारेच्या समुद्राकडून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, एका वाडीत आहे. माजघराच्या तुळईवर 'शके १८२५' असे कोरलेले आहे. म्हणजे इसवी सन १९०३. पणजोबांनी ते बांधले. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यामुळे वाडीत आजही ते 'मास्तरांचे घर' म्हणूनच ओळखले जाते. मी डोंबिवलीला राहतो, एका महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि वर्षातून दोनदा, गणपतीत आणि मे महिन्यात, या घरी जाऊन कोकणावर प्रेम करून येतो. उरलेले सारे वर्ष घर सांभाळते ती आमची काकू. धाकटे काका जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. काकूला मूलबाळ नाही. तिचे वय ऐंशीच्या आसपास असावे. नक्की आकडा तिलाही सांगता येत नाही, आणि तिच्या पुतण्यांपैकी कोणी तो कधी विचारलेलाही नाही.

घर वाढवण्याची कल्पना सौ.ची. निवृत्तीनंतर तिथे जाऊन राहायचे तर नीट राहता आले पाहिजे, मुलगी आणि उद्या तिची माणसे आली तर त्यांना पाठ टेकायला जागा हवी, हे तिचे म्हणणे. मुलीच्या मैत्रिणीचा भाऊ आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने मोजमापे फोनवरून घेतली आणि एक सुरेख नकाशा काढून दिला. दक्षिणेच्या बाजूला 'मास्टर बेडरूम', तिला लागून न्हाणीघर व शौचकूप, आणि पुढे ओटी व माजघर यांमधली भिंत काढून झालेली भली मोठी 'लिव्हिंग रूम'.

मराठीच्या अध्यापकाने अशा वेळी प्रथम कशाला हरकत घ्यावी? अर्थात शब्दांना. मी म्हटले, "निदान 'बैठकीची खोली' आणि 'शयनगृह' तरी लिहा."

"'शयनगृह' म्हटलं की पडदा वर जाऊन कोणीतरी पद म्हणायला लागेल असं वाटतं," सौ. म्हणाली, आणि नकाशाची गुंडाळी तिने पिशवीत घातली.

खरे सांगायचे तर माझी हरकत शब्दांपुरती नव्हती. त्या घराला कोणी हात लावावा हेच मला नको होते. शेणाने सारवलेले खळे, ओटीवरचा झोपाळा, माजघरातला दुपारचाही अंधार, हे सगळे जसेच्या तसे राहावे आणि मी दर मे महिन्यात जाऊन ते पाहावे, अशी माझी व्यवस्था होती. त्यात शहरातले न्हाणीघर आणून चिकटवणे मला रसभंगासारखे वाटत होते.

२०२४ सालच्या मे महिन्यात आम्ही ठाण्याला मांडवी एक्सप्रेसमध्ये बसलो. कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण सुरू झाली, तेव्हा मी शाळा-कॉलेजच्या उंबरठ्यावर होतो. त्याआधीचा रात्रभरचा एस.टी.चा प्रवास आणि घाटातली वळणे अजून पोटात आहेत. आता रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा रूळ पसरलेला आहे, आणि खिडकीशी बसून बटाटेवडा खात माणूस गावी जातो. या खेपेला मात्र मी समोरच्या डोंगरांकडे न पाहता घरांकडे पाहत होतो. घर वाढवायचे मनात आले की जगातले प्रत्येक घर वाढवलेले दिसू लागते. माणगावपासून पुढे पाहावे तर जुन्या कौलारू घराच्या कुशीत एक सिमेंटची खोली, तिच्यावर स्लॅब, आणि स्लॅबवर पुन्हा लोखंडी खांब रोवून पत्र्याची शेड! स्लॅब गळतो म्हणून पत्रा. म्हणजे डोक्यावर छप्पर आणि छपराच्या डोक्यावर छत्री. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सपाट छपराने तो अंगावर घ्यावा आणि कुरकुरू नये, ही अपेक्षाच चूक. हे मी सौ.ला सांगत होतो तोच गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरच्या त्या अंधारात माझे व्याख्यान कोणाला ऐकू गेले नाही.

काकू बेड्याशीच उभी होती. आम्ही येणार म्हणून नव्हे. कोणीतरी येणारे दिसले म्हणून. डाव्या मनगटावर तिने एक जुने फडके घट्ट बांधलेले होते. "काय झालं?" विचारले तर म्हणाली, "श्रावणात विहिरीशी पाय घसरला होता. थंडीवाऱ्यात दुखतं अजून." मे महिन्याच्या उकाड्यात कुठली थंडी आणि कुठला वारा! पण मागोमाग तिने कोकमाच्या सरबताची भांडी पुढे केली आणि तो विषय तिथेच संपला.

घर मी पुन्हा एकदा फिरून पाहिले. पुढे खळे, मग चार पायऱ्या चढून पडवी आणि ओटी, ओटीच्या मागे माजघर, त्यात एका कोपऱ्यात देवघर, दुसऱ्या कोपऱ्यात भाताची कोठी, आणि दोहोंच्या मध्ये भिंतीला लागून काकूची खाट. माजघराच्या पाठीमागे स्वयंपाकघर. तिथून मागल्या दाराने बाहेर पडले की तीन पायऱ्या खाली, आणि परसाच्या टोकाला, फणसापलीकडे, शौचकूप. मागल्या दाराच्या खांबापासून थेट तिथपर्यंत एक सुंभाची जाड दोरी ताणून बांधलेली होती. कपडे वाळत घालायला बरी सोय केली आहे काकूने, असे मी मनाशी म्हटले आणि माझा ओला टॉवेल तिच्यावर पसरला.

जेवणे झाल्यावर सौ.ने ओटीवर नकाशा उलगडला. काकूने चष्मा लावला. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण अक्षर ओळखीचे दिसले की ती ते वाचल्यावाचून सोडत नाही. नकाशावर पोराने सगळी नावे कौतुकाने देवनागरीत लिहिली होती. काकूने बोट ठेवून वाचले, "मास्टर बेड... म्हणजे मास्तरांची खोली ना?" आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरं झालं हो. मामंजी मास्तर होते, त्यांना कधी स्वतःची खोली मिळाली नाही. बाकावर झोपायचे ओटीवर. तुला तरी होऊ दे."

आम्ही दोघेही हसलो. पण अर्थ समजावून सांगताना माझी पंचाईत झाली. मास्टर म्हणजे मास्तर नव्हे, मालक. म्हणजे घराच्या मालकाची खोली, असे सांगू गेलो तर ऐंशी वर्षांची ती बाई विचारणार, मालक कोण? आणि ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ च्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव होते. मी म्हटले, "हो, मास्तरांचीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री आले. पंचावन्न-साठीचा, बोलण्यात मोजका माणूस. त्यांनी नकाशा हातात घेतला, एकदा उलटा, एकदा सुलटा पाहिला, आणि घडी करून खिशात ठेवला. मग खिशातून काढला तो पट्टीचा गोल. पुढचे दोन तास त्या माणसाने मला माझे घर शिकवले. इतक्या वर्षांत मला त्यातले काही ठाऊक नव्हते.

ओटी मोठी करायची तर पहिला सोपा उपाय मला सुचला होता: भिंत पाडण्यापेक्षा पडवीच आठ फूट पुढे ओढावी. मेस्त्री म्हणाले, "ओढा की. पण छप्पर कुठं जाईल ते बघा." आमच्या कौलांचा उतार दोन फुटांना एक फूट असा आहे. मंगळुरी कौलाला कोकणच्या पावसात एवढा उतार हवाच. तो कमी केला तर वाऱ्याबरोबर पाणी उलटे कौलाखाली शिरते. पडवीच्या कडेला छपराची उंची साडेसहा फूट. आठ फूट पुढे गेले की उतार चार फूट खाली येणार. उरले अडीच फूट. "पाहुन्यानला रांगत यायला लागंल, मास्तर," मेस्त्री म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मग राहिली नकाशातली ती भिंत. मेस्त्रींनी तिच्यावर हाताची मूठ आपटली, वाजलीच नाही. दीड फूट जाडीची, जांभ्या चिऱ्याची, मातीत बांधलेली. तिच्यावर भाल, भालेवर वासे, वाशांवर रिपा, रिपांवर शेकडो कौले. "हिला काढायची तर लोखंडी गर्डर टाकायला हवा. गर्डर ठेवायला दोन्ही अंगाला सिमेंटचे खांब हवेत. मातीतली भिंत गर्डर नाय पेलायची. आणि तेवढं करताना वरचं समदं उतरवावं लागंल. मग जुन्या घरात उरलं काय?" मेस्त्रींनी विचारले. माझ्या मनातलाच प्रश्न तो. पण त्यांनी तो प्रेमापोटी नव्हे तर हिशेबाने विचारला होता.

या चिऱ्याची एक गंमत आहे. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की पूर्वी गडी कुदळ-तासणीने त्याचे ठोकळे कापीत. आता यंत्राची चक्री फिरते. एकदा उघड्या हवेत आला की तो हळूहळू कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज अंमलातल्या डॉक्टराने केरळात अंगडीपुरमला हाच दगड पाहिला आणि १८०७ साली विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे 'लॅटेराइट' असे नामकरण केले. आमच्या पणजोबांना ते नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. कौलांचेही तसेच. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती लाल, खोबणीची कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आम्ही ज्याला अस्सल कोकणी घर म्हणून डोळे भरून पाहतो, त्याचे डोके असे स्विस पाद्र्यांच्या कारखान्यातून आलेले. पणजोबांच्या वेळी आमच्या घरावर गवत होते, कौले आजोबांनी चढवली, असे काकूने ऐकलेले. म्हणजे घराला कोणी हात लावू नये असे जे घर मला वाटत होते, त्याला आधीच पुष्कळांनी हात लावलेले होते.

"मग वाढवायचं कसं?" सौ.ने विचारले.

मेस्त्रींनी आम्हाला माळ्यावर चढवले आणि आढ्याकडे बोट दाखवले. दक्षिणेकडच्या टोकाला आढ्याचे लाकूड जोडलेले दिसत होते. जोडावर काळ्या रंगाने आकडे लिहिलेले: शके १८७४. म्हणजे १९५२. आजोबांनी त्या वर्षी घराला एक खण वाढवला होता. जुने घर असेच वाढते, मेस्त्री म्हणाले. पुढे-मागे नाही, आढ्याच्या रेषेत, लांबीला. खांबापासून खांबापर्यंत एक खण. आमच्या घरात तो साडेसहा फुटांचा. आणखी दोन खण वाढवले की तेरा फूट होतात. तेवढ्यात चांगली खोली बसते. छपराचा उतार तोच राहतो, पाणी आहे त्या पन्हळीने जाते, आणि जुन्या-नव्याचा सांधा गळत नाही. माजघराची दक्षिणेकडची खिडकी जाईल, तिथे दार होईल. त्यामुळे माजघरात काळोख वाढेल, पण छपरात चार काचेची कौले घातली की काम भागते.

न्हाणीघराच्या जागेला मात्र त्यांनी नकाशा मुळीच मानला नाही. पोराने ते पूर्वेला काढले होते, आणि पूर्वेला विहीर. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब हवा, आणि तोही विहिरीच्या वरच्या अंगाला नको. जांभा चाळणीसारखा असतो. त्यात ओतलेले पाणी कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणूनच पावसाळ्यात तुडुंब भरणाऱ्या आमच्याकडच्या विहिरी एप्रिलात तळ दाखवतात. न्हाणीघर पश्चिमेला गेले. फणस वाचला; त्याची एक फांदी तेवढी जाणार होती.

"आणि लिव्हिंग रूम?" सौ.चा चेहरा उतरला होता.

"ती नाय व्हायची, वहिनी. हाय ती ओटी हाय."

दुपारी नागपूरहून चुलतभावाचा फोन आला. त्याला बातमी पुण्याच्या भावाकडून लागली होती. कुशल विचारून झाल्यावर तो म्हणाला, "मास्टर बेडरूम बांधतोयस म्हणे. मास्टर कोण ठरला ते तरी आम्हाला कळू दे." स्वर थट्टेचा होता, पण मागे थट्टा नव्हती. तिघा भावांचे घर. एकाने पैसे घालून त्यात खोली बांधायची, उद्या वाटणी निघाली तर ती खोली कोणाची? मी काहीतरी सारवासारव केली. संमतीचा कागद पाठवतो म्हटले. तो म्हणाला, "पाठव. वाचून बघतो." लहानपणी आम्ही दोघे एका चटईवर झोपत असू.

मन जड झाले की सौ. मला कुठेतरी फिरायला नेते. दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा ठरवून रत्नागिरीला गेलो. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर मी पूर्वी पाहिले होते, पण तेव्हा टिळकांना पाहायला गेलो होतो; आता घर पाहायला गेलो. १८५६ साली या घरात बाळ टिळक जन्मले. वडील गंगाधरपंत शाळामास्तर. उतरते कौलारू छप्पर, बुटकी दारे, अंगणात गारवा. मास्तराच्या संसाराला जेवढे लागते तेवढे घर.

तिथून थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून उचलले आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. हा वाडा तयार होऊन तो राहायला गेला १९१० साली. म्हणजे चोवीस वर्षे त्याने दुसऱ्यांच्या बंगल्यांत काढली होती. वाड्याच्या नकाशात राजाने स्वतः लक्ष घातले होते. तीन मजले, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार कोरीव खिडक्या, वर संगमरवरी फरशीचा दरबारासारखा दिवाणखाना, मागल्या बाजूला बुद्धाची मूर्ती. दिवाणखान्यात उभा राहून मी विचार करीत होतो की ज्याला राज्य नाही, दरबार नाही, भेटायला येणारे सरदार नाहीत, त्याने एवढी मोठी बैठक कोणासाठी आखली असेल? १९१६ च्या डिसेंबरात तो गेला. सहा वर्षेच त्याला हे घर लाभले. त्याची थोरली मुलगी पुढे रत्नागिरीतच राहिली, गरिबीत. तिच्या मुलीला, टुटूला, रस्त्यातून जाताना पाहिलेले रत्नागिरीकर मी स्वतः भेटलो आहे. 'थिबा पॉइंट'वरून खाली भाट्याची खाडी दिसते. आम्ही तिथे शहाळे प्यालो. सौ. म्हणाली, "लिव्हिंग रूमचं सोडून देऊ." मी काही बोललो नाही. जिंकल्यासारखे वाटत होते, ते लपवीत होतो.

परतताना वाट वाकडी करून मालगुंडला केशवसुतांच्या घरी गेलो. मराठीच्या मास्तराची ही पंढरीच. कोकण मराठी साहित्य परिषदेने हे घर जपले आहे: कौलारू छप्पर, सारवलेली जमीन, जुनी भांडी, पितळी दिवे. केशवसुतही पोटासाठी मास्तरकीच करीत होते, आणि १९०५ साली हुबळीला प्लेगाने गेले तेव्हा चाळिशीही झाली नव्हती. मी उंबऱ्यावर बसलो. असा गारवा, असा साधेपणा! मला राहवले नाही. म्हटले, "पाहा, आधुनिक मराठी कविता ज्या घरात जन्मली तिथं अटॅच्ड बाथरूम नव्हती."

सौ. पाट्या वाचीत पुढे गेली होती. तिथूनच म्हणाली, "केशवसुतांची आई रात्री कुठं जात होती, ते लिहिलंय का कुठं बघा."

मी हसलो. ती हसली नाही.

त्या रात्री उकाड्याने मला झोप लागेना. दोन वाजले असतील. ओटीवरून उठून पाणी प्यायला आत गेलो तर माजघरातली खाट रिकामी होती आणि मागले दार उघडे. बाहेर चांदणे नव्हते. परसात बॅटरीचा एक पिवळा ठिपका अगदी सावकाश पुढे सरकत होता. बॅटरी काकूच्या उजव्या हातात होती. डाव्या, फडके बांधलेल्या हाताने तिने ती सुंभाची दोरी धरली होती. दोन पावले टाकायची, दोरीवरून हात पुढे सरकवायचा, थांबायचे. पुन्हा दोन पावले. मी पुढे होणार तोच माझ्या खांद्यावर हात पडला. सौ. जागीच होती.

"नका जाऊ. तिला आवडायचं नाही," ती हळूच म्हणाली. "आल्यापासून रोज बघत्ये मी. विहिरीशी नाही पडली ती. इथे, या पायऱ्यांवर पडली, रात्री, भर पावसात. सकाळी दूधवाल्यानं उचललं. मग बांधून घेतली दोरी. कोणाला कळवू नका म्हणून त्याला शपथ घातली."

"तुला कोणी सांगितलं?"

"दूधवाल्यानंच. मी विचारलं म्हणून."

आम्ही आत येऊन पडलो. थोड्या वेळाने काकू आली. मागल्या दारापासून खाटेपर्यंत ती भिंतीला हात लावून चालत आली, ते मला अंधारात ऐकू येत होते. सकाळी उठून पाहिले: पांढऱ्या भिंतीवर कमरेच्या वर, मागल्या दारापासून माजघरातल्या खाटेपर्यंत, हाताच्या तेलाने काळसर, गुळगुळीत झालेला एक पट्टा होता. इतकी वर्षे मी त्या घराचा कोनाडा अन् कोनाडा डोळ्यांत साठवीत आलो होतो, आणि हा पट्टा मला दिसला नव्हता. दोरीवरचा माझा टॉवेल आदल्या दिवशीच कोणीतरी काढून, घडी करून, माझ्या उशाशी ठेवला होता.

चहा घेताना मी नागपूरला फोन लावला. म्हटले, "खोली काकूची आहे. न्हाणीघर आत घेतोय. कागदावर तसंच लिहितो: काकूच्या हयातीत तिची, पुढे तिघांची." पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "मनगट कसं आहे तिचं?" त्याला पडल्याचे ठाऊक होते, कारण मात्र तिने त्यालाही विहिरीचेच सांगितले होते. मी खरे काय ते सांगितले. तो म्हणाला, "सही कुठं करायची तेवढं सांग. आणि आतल्या फरशा माझ्याकडून. खरबरीत बघ, गुळगुळीत नको." पुण्याच्या भावाने त्याच संध्याकाळी होकार कळवला, त्याच्या अटी काही होत्या, त्या पैशांच्या होत्या आणि वाजवी होत्या.

अडचण राहिली काकूची. "मला कशाला खोली?" ती म्हणाली. "मास्तरांची म्हणून सांगितलीत ना? चाळीस वर्षं झोपत्ये मी माजघरात. देवाच्या समईचा उजेड असतो." सौ.ने तिला तिथल्या तिथे हरवले. म्हणाली, "काकू, तुमची खाट आणि ती कोठी इथून हलली तरच माझी लिव्हिंग रूम होते. मेस्त्री भिंत पाडू देत नाहीत. माजघरच मोठं करायला हवं. माझ्यासाठी एवढं करा." काकूने तिच्याकडे रोखून पाहिले. या बोलण्यात प्रेम किती आणि लबाडी किती हे त्या दोघींना नेमके कळत असावे. मला कळले नाही. खाट आणि कोठी काढल्यावर माजघर खरोखरच केवढे मोठे दिसते, ते मी नंतर पावलांनी मोजले: अठरा बाय तेरा. नकाशातल्या हॉलपेक्षा थोडेच कमी.

दोन दिवसांनी मेस्त्री फक्की घेऊन आले. दक्षिणेच्या अंगणात त्यांनी पांढऱ्या रेघांनी खोली आखली; दाराच्या जागी रेघ तोडली, खिडकीच्या जागी आडव्या फुल्या मारल्या, न्हाणीघराचा छोटा चौकोन पश्चिमेला काढला. काकू काठी टेकत आली. रेघ ओलांडून यायचे सोडून ती दाराच्या फटीतूनच आत आली, त्यामुळे आम्हीही सगळे मुकाट्याने दारातून आत गेलो. तिने खाट कुठे राहणार ते विचारले. मेस्त्रींनी दाखवले. तिथे ती उभी राहिली, आणि तिथून न्हाणीघरापर्यंत चालली. मनात पावले मोजीत असावी. तोंडाने मात्र काही बोलली नाही. पुन्हा खाटेच्या जागी आली.

"खिडकी इकडे?" तिने दक्षिणेकडे काठी केली.

"हो," मी म्हणालो. "समोर फणस दिसेल, काकू. सावली छान."

"फणस काय बघायचाय? तो काही कुठे जात नाही." तिने काठी पूर्वेकडे वळवली. "इथून बेडं दिसलं पाहिजे. आणि विहिरीचा काठ. कोण आलं, कोण गेलं, काय कळणार मला पडल्या पडल्या?"

नकाशात पूर्वेच्या भिंतीला आठ फुटांचे कपाट होते, सौ.चे, खास सांगून घेतलेले. मी तिच्याकडे पाहिले. ती मेस्त्रींकडे पाहत होती.

"कपाट दक्षिणेला सरकवा," ती म्हणाली.

मेस्त्रींनी चपलेने दक्षिणेकडच्या फुल्या पुसल्या. मग पूर्वेच्या रेघेवर खाली बसून त्यांनी काकूला विचारले, "काकी, केवढी ठेवू? चार फूट?"

"पाच ठेव," काकू म्हणाली, "आणि जरा खाली घे. बसल्या बसल्या दिसायला हवं."